संगीतकार व्हायचंय: विद्यापीठातल्या संगीतरचनेच्या शिक्षणाबद्दल मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं म्हणण्यापेक्षा ते बांधण्यात ज्यांना जास्त रस आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. बारावीत असलेले, विशारदच्या परीक्षा देणारे, भजनी मंडळात पेटी वाजवणारे आणि त्यांच्या घरचे, असे सगळे यात धरले आहेत.

मराठवाड्यात संगीतरचनेची पदवी मिळते का?

नेमक्या याच नावाची पदवी शोधत बसलात तर वर्ष वाया जाईल. आपल्याकडे संगीताची पदवी म्हणजे बहुतेक ठिकाणी हिंदुस्थानी गायनाची किंवा वादनाची पदवी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या काही कला महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो. रचना आलीच तर सुगम संगीत किंवा समूहगान अशा एखाद्या घटकातून येते.

प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि नीट वाचा. स्वतःची रचना सादर करायला कुठे गुण आहेत का, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात रचना चालते का, हे बघा. मग विभागात प्रत्यक्ष जाऊन एकच गोष्ट विचारा: तबला, बासरी, व्हायोलिन, गायन असे किती विद्यार्थी सध्या शिकत आहेत? अभ्यासक्रम साधा असला तरी वाजवणारे १०–१२ जण जिथे आहेत, ती जागा तुमच्यासाठी चांगली.

रचना शिकवतच नसतील तर पदवी कशाला करायची?

वादक मिळतात म्हणून. कागदावरचं किंवा संगणकातलं संगीत माणसांनी वाजवल्याशिवाय त्यातल्या चुका कळत नाहीत, आणि पैसे न मोजता, पुन्हा पुन्हा, मित्र म्हणून वाजवणारी माणसं आयुष्यात महाविद्यालयातच भेटतात. नंतर तासाचे पैसे द्यावे लागतात.

म्हणून पदवीची वर्षं अशी वापरा: दर सत्रात किमान दोन रचना पूर्ण करायच्या, प्रत्येकीची नीट प्रत लिहायची, तालीम घ्यायची आणि ध्वनिमुद्रण ठेवायचं. युवक महोत्सवातलं समूहगान, लोकवाद्यवृंद, एकांकिकेचं पार्श्वसंगीत ही कामं मागून घ्या. अर्धवट पन्नास चालींपेक्षा पूर्ण झालेल्या, वाजवून झालेल्या आठ रचना प्रवेशालाही उपयोगी पडतात आणि पुढे काम मिळवायलाही.

अकरावी-बारावीला कोणती शाखा घेऊ?

संगीताच्या पदवीला कोणतीही चालते. अपवाद एकच लक्षात ठेवा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेतला ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, पण त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र लागतं. त्या वाटेचा विचार मनात असेल तर विज्ञान शाखा सोडताना दोनदा विचार करा.

गांधर्व महाविद्यालयाचं विशारद झालं आहे. रचनाकार व्हायला तेवढं पुरे का?

पाया म्हणून उत्तम, पण अपुरं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत येताना राग, ताल, लेखन आणि गळा किंवा हात तयार होतो. राहून जातं ते असं: एकाच वेळी वाजणाऱ्या दोन-तीन स्वरांचा विचार, वेगवेगळ्या वाद्यांचे पल्ले आणि मर्यादा, पाच-सात मिनिटांचा ऐवज बांधायचा कसा, आणि दुसऱ्याने वाचून वाजवावं असं लेखन.

उलट, जे थेट कीबोर्ड आणि कॉर्डपासून (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) सुरुवात करतात त्यांची चाल बहुतेक वेळा कॉर्डच्या मागे फरफटते. विशारद झालेल्याला कॉर्ड वर्षभरात शिकवता येतात. कॉर्डवाल्याला राग अंगात मुरवायला त्याहून फार जास्त काळ लागतो. त्यामुळे विशारद अर्धवट सोडू नका.

बीड, लातूर, परभणीत राहून पाश्चात्त्य थिअरी कशी शिकायची?

एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या मंडळांच्या श्रेणी-परीक्षांचा अभ्यासक्रम धरा. दोन्हींत १ ते ८ श्रेणी आहेत. एबीआरएसएमची पहिल्या पाच श्रेणींची लेखी परीक्षा घरून ऑनलाइन देता येते. स्वरज्ञान पक्कं असेल आणि रोज तासभर दिलात तर पाचव्या श्रेणीची थिअरी साधारण वर्षभरात होते. त्यानंतर चार आवाजांची हार्मनी सहा महिने, मग दोन आवाजांचं काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन स्वतंत्र सुरावटी. काउंटरपॉइंटचे पाच प्रकार क्रमानेच करा: आधी स्वरासमोर एक स्वर, मग दोन, मग चार, मग लांबवलेले विसंवादी स्वर आणि शेवटी या सगळ्यांचं मिश्रण. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून उडी मारली जाते, आणि मग ऑर्केस्ट्रासाठी लिहिताना सगळी वाद्यं एकाच दिशेने वर-खाली जातात.

आपल्याकडून आलेल्यांना एक अडचण हमखास येते. पेटीवर सा कुठेही सरकतो, स्टाफवर (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) ‘सी’ जिथे आहे तिथेच राहतो. प्रत्येक टिपेचं (नोटचं) मनात सरगमीत भाषांतर करत बसलात तर वाचनाचा वेग कधीच वाढत नाही. वाचताना टीप नावानेच ओळखा. सरगम गाऊन बघण्यासाठी ठेवा.

भातखंडे लिपीत लिहू की स्टाफवर?

वाजवणारा कोण, त्यावर ठरवा. भजनी मंडळ, सुगम गायक, बासरीवाला, पेटीवाला यांना भातखंडे पद्धत द्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राखाली आणि तारावर टिंब, समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य. एका मात्रेतले स्वर खालच्या कमानीत बांधा. ही कमान विसरली की वादक प्रत्येक स्वराला पूर्ण मात्रा देतो आणि ओळ दुप्पट लांब होते. प्रतीच्या डोक्यावर सा कोणती पट्टी, ताल कोणता आणि लय मिनिटाला किती मात्रा, या तीन गोष्टी लिहायलाच हव्यात.

व्हायोलिन, चेलो, ब्रास किंवा मुंबई-चेन्नईच्या स्टुडिओतले वादक असतील तर स्टाफ. दोन्ही यायला हवं, त्यात पर्याय नाही.

चाल चांगली सुचते, पण शब्द मोडतात. काय चुकतं?

बहुतेकदा चाल आधी सुचलेली असते आणि शब्द नंतर कोंबलेले असतात. ‘उन्हात तापली वाट, पाखरू शोधतं पाणी’ अशी ओळ घ्या. समेवर ‘त’ आला आणि तिथेच स्वर लांबवला तर ऐकू येतं ‘उन्हा... तऽऽ तापली’. लांबवायला ‘न्हा’ आहे, ‘वा’ आहे, ‘पा’ आहे. ‘पाखरू’मध्ये ‘ख’वर तान घेतली की शब्द तुटतो. तीच तान ‘रू’वर घेतली तर शब्द शाबूत राहतो. दुसरी चूक श्वासाची: गायकाला ‘शोध’ आणि ‘तं’ यांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत असेल तर दोष गायकाचा नाही, चालीचा आहे.

तिसरी बाब शेवटच्या अक्षराची. बोलताना आपण ‘वाट’ म्हणतो तेव्हा ‘ट’ मिटतो. अभंगाच्या परंपरेत तो ‘वाटऽ’ असा मोकळा गातात आणि ते शोभतंही. आजच्या भाषेतल्या गाण्यात प्रत्येक ‘ट’ मोकळा केला की गाणं जुनाट वाटायला लागतं. दोन्ही चालतं, पण एका गाण्यात एकच धोरण ठेवा.

सराव असा करा. ओळ टाळी देत पाच-सहा वेळा मोठ्याने बोला. आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो त्या जागा पेन्सिलने खुणा करून घ्या आणि मगच पेटीला हात लावा. दुसरा सराव छंदाचा. मोठ्या अभंगात चार चरण असतात, अक्षरं ६, ६, ६ आणि ४. लहान अभंगात ८ आणि ८. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहा अक्षरं बसवली की दोन मात्रा उरतात, शेवटच्या चरणात चार उरतात. या उरलेल्या मात्रा कुठे खर्च केल्या, यावरच एका अभंगाच्या दहा वेगळ्या चाली होतात. जनाबाई गंगाखेडच्या, नामदेव नर्सीचे, एकनाथ पैठणचे. सरावाला मजकूर शोधायला लांब जायचं कारण नाही.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याच्या अंगी काय काय असावं याची यादी त्यात आहे, आणि ती सुरू होते व्याकरण, शब्दज्ञान आणि छंद यांपासून. दौलताबादच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी निदान एवढं मनावर घ्यायला हरकत नाही.

रागातल्या चालीखाली कॉर्ड लावले की राग बिघडतो. उपाय?

कॉर्ड रागाच्या स्वरांतूनच काढा. यमनात तीव्र मध्यम आहे, म्हणून ‘रे, तीव्र म, ध’ हा मेजर कॉर्ड मिळतो आणि तो यमनाचा रंग लगेच आणतो. कीबोर्डवर सवयीने वाजणारा ‘म, ध, सा’ तिथे शुद्ध मध्यम घेऊन येतो आणि यमनाचा बिलावल होतो. भूपात म आणि नी दोन्ही नाहीत. त्यामुळे पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: ‘सा, ग, प’ आणि ‘ध, सा, ग’. तिथे भरगच्च हार्मनीचा हट्ट सोडून ‘प, रे’ अशा उघड्या जोड्या आणि दुसरी सुरेल ओळ वापरलेली बरी. भैरवात ‘प, नी, कोमल रे’ या कॉर्डचा पाचवा स्वर उतरलेला (फ्लॅट फाइव्ह) येतो. त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीने पंचमावरून सा वर परतणं तिथे जमत नाही. तिथे ‘कोमल रे, म, कोमल ध’ हा मेजर कॉर्ड आहे, त्यावरून सा वर उतरा.

मात्र त्या वेळी तानपुरा चालू असेल तर सा आणि कोमल रे यांची टक्कर ऐकू येणारच. कॉर्ड बदलणाऱ्या भागात तानपुरा बंद ठेवायचा किंवा फक्त सा ठेवून पंचम काढायचा, हा निर्णय लिहितानाच घ्या.

आणखी एक कारण श्रुतीचं. तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो. गायक तानपुऱ्याला धरून गातो, पियानो आपल्या जागी, आणि दोघंही सुरात असून बेसूर वाटतं. लांब गंधारावर पियानोला गंधार देऊ नका, सा आणि प एवढंच द्या. गंधार गायकाचा राहू द्या.

संबळ, हलगी, चौंडकं, तुणतुणं वापरायचं आहे. सॅम्पल चालतील की खरे वादक हवेत?

खरे वादक. तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई या परिसरात गोंधळी आणि आराधी मंडळी भेटतात, आणि संबळाच्या हाताचा झोल अजून कोणत्याही सॅम्पलमध्ये नीट आलेला नाही. रचनाकाराने आधी दोन-चार गोंधळ पूर्ण बसून ऐकावेत. ठेका मोजून लिहून काढावा. त्यांच्यासमोर क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावून ‘यावर वाजवा’ म्हटलं तर लय बांधली जाते आणि वाजवणं निर्जीव होतं. आधी त्यांच्या लयीत २–३ मिनिटं मोकळं वाजवून घ्या, लय मोजा आणि आपला प्रकल्प त्या लयीवर बसवा.

ध्वनिमुद्रणाच्या बारीक गोष्टी: हलगीचा आवाज अतिशय टोकदार असतो. माइक किमान एक ते दीड मीटर लांब, थोडा तिरका ठेवा आणि पातळी अशी की सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, हलगी शेकावी लागते आणि पुन्हा उतरते. म्हणून लांब टेक घेण्याऐवजी छोटे घ्या आणि प्रत्येक टेकआधी स्वर तपासा. पत्र्याच्या छताखाली मुद्रण करू नका. गाद्या, सतरंज्या लावलेली आतली खोली शहरातल्या महागड्या पण घुमणाऱ्या सभागृहापेक्षा बरी. पंखा आणि फ्रीज बंद. लग्नसराईत दिवसा नाद सोडा, पहाटे मुद्रण करा.

वादकाला पैसे त्याच दिवशी द्या, नाव श्रेयनामावलीत द्या आणि लेखी संमती घ्या. कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क असतो. ‘गावातली माणसं आहेत, चालतंय’ हे चालत नाही.

घरी किती खर्चाचं साहित्य लागतं?

संगणक सोडून ४० ते ५० हजारांत गरजेपुरतं होतं: दोन माइक जोडता येणारा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि स्टँड, ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, बंद कपांचा हेडफोन. संगणकाला रॅम १६ जीबी तरी हवी, नाहीतर तंतुवाद्यांची सॅम्पल भरताना तो अडकतो. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि ६० दिवस मोफत वापरून बघता येतो. लेखनासाठी म्युझस्कोर मोफत आहे. फिनाले हे लेखनाचं जुनं सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नका, २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. चोरून उतरवलेली सॉफ्टवेअर टाळा. कायद्याचं सोडा, ऐन वेळी प्रकल्प उघडत नाही हे त्यांचं खरं दुखणं.

वीज जाते त्या गावांत यूपीएस चैनीची वस्तू नाही. आणि प्रकल्पाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी क्लाउडवर.

संगणकावर छान वाजतं, पण वादकांना वाजवता येत नाही. असं का?

संगणकाला श्वास घ्यावा लागत नाही, बोट बदलावं लागत नाही. बासरीला १६ मात्रा सलग स्वर दिलात तर वादक मध्येच तोडणार. व्हायोलिनची सर्वांत खालची टीप मध्य ‘सी’खालची ‘जी’ आहे. त्याखाली सॅम्पल वाजलंच तर ते खोटं आहे. खरी बासरी एका पट्टीची असते. मध्येच पट्टी बदलली तर वादकाला दुसरी बासरी उचलायला ३–४ सेकंद लागतात, तेवढी जागा लिहून ठेवा.

दुसरं मोठं कारण ट्रान्सपोझिंग वाद्यं, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा स्वर ऐकू येणारी वाद्यं. इथे सरावाची सोय घरापाशी आहे: लग्नाचे ब्रास बँड. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्यासमोर ‘सी’ लिहिला तर ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. ऑल्टो सॅक्सोफोनसमोर ‘सी’ लिहिला तर ऐकू येतो ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. सगळ्यांकडून खरा ‘सी’ हवा असेल तर ट्रम्पेटला ‘डी’ आणि ऑल्टो सॅक्सला ‘ए’ लिहावा लागतो. हे विसरून एकच प्रत सगळ्यांना वाटली की पहिल्या तालमीतला अर्धा तास गोंधळात जातो आणि पुढच्या वेळी बँड येत नाही.

एकांकिका किंवा लघुपटाचं पार्श्वसंगीत कसं मोजून लिहायचं?

आधी दिग्दर्शकासोबत बसून कुठे संगीत सुरू होतं, कुठे थांबतं आणि का, याची यादी करा. ‘का’चं उत्तर नसेल तिथे संगीत नको. नवखे लोक संवादाखाली सतत काहीतरी वाजवत ठेवतात. बासरी आणि व्हायोलिनच्या वरच्या ओळी बोलण्याच्या स्पष्टपणावर थेट आघात करतात. संवादाखाली खालचे, लांब, कमी हालचालीचे स्वर ठेवा.

मोजणी सोपी आहे: सेकंद गुणिले लय भागिले ६०. दरवाजा ४२व्या सेकंदाला उघडतो आणि लय ८० आहे, तर ५६ मात्रा होतात, म्हणजे चारचारच्या १४ आवर्तनांनंतर बरोबर समेवर दरवाजा. लय ९० धरली तर ६३ मात्रा येतात आणि क्षण समेच्या एक मात्रा आधी पडतो. तिथे संगीत ओढून-ताणून बसवण्यापेक्षा लय ९१.४३ करा, ६४ मात्रा होतात.

लघुपटाचं काम देताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल द्या. तालवाद्यं, स्वरवाद्यं, गायन यांच्या वेगळ्या फाइल एकाच आरंभबिंदूपासून काढून द्या. एमपी३ पाठवू नका, पुढे-मागे काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि जुळत नाही. नाटकात मात्र नट रोज वेगळ्या वेगाने बोलतो. तिथे संगीताचे तुकडे असे करा की कुठेही लांबवता किंवा तोडता येतील.

मला गाता येत नाही. अडचण आहे का?

मैफिलीत गायची गरज नाही. पण गायकाला चाल स्वतःच्या गळ्याने सुरात समजावून सांगता आली पाहिजे. तेवढं दोन वर्षांच्या रियाजात येतं. शिवाय स्त्रियांच्या गळ्याला साधारण काळी चार-पाच आणि पुरुषांना काळी एक-दोन सोयीची असते, हे ध्यानात ठेवून युगुलगीताची पट्टी निवडा.

पदवीनंतर मराठवाड्याबाहेर कुठे जावं?

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे गुरु-शिष्य पद्धत आणि विद्यापीठीय अभ्यास यांचा मेळ घातला आहे. लोकसंगीताकडे तुमचा कल असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी बघा. सलग रचना, पियानो आणि संगणकीय निर्मिती एकत्र शिकायची असेल तर चेन्नईचं के.एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी, स्थापना २००८. शुल्क आणि राहण्याचा खर्च भारी पडतो, आधी हिशेब करा. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ हेही जुने, भरवशाचे पर्याय.

परदेशात रचनेच्या पदवीसाठी मुख्य गोष्ट असते ती रचनांचा संच: बहुधा दोन ते चार रचना, पूर्ण लेखन आणि ध्वनिमुद्रणासह, वेगवेगळ्या वाद्यसमूहांसाठी. चारही गाणी दिली तर संच कमकुवत ठरतो. एक गाणं, एक एकल वाद्य, एक तीन-चार वाद्यांची रचना, असा ठेवा. खऱ्या वादकांचं साधं मुद्रण चकाचक सॅम्पलपेक्षा जास्त वजनदार असतं.

शिष्यवृत्ती आहे का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी योजना आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. ती सादरीकरणाच्या कलांसाठी आहे, म्हणून अर्ज गायन, वादन किंवा लोककलेतून करा. गुरूकडे घेतलेल्या शिक्षणाचा पुरावा लागतो, तो आधीपासून जपून ठेवा. महाविद्यालयाच्या शुल्कासाठी राज्य शासनाचं महाडीबीटी हे शिष्यवृत्ती पोर्टल आहेच.

मुलाला यावर पोट भरता येईल का?

एकट्या चालींवर, पहिली काही वर्षं तरी, नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं. संगीतकार म्हणून टिकलेल्यांचं उत्पन्न चार-पाच ठिकाणांहून येतं: शिकवणी, इतरांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन, भक्तिगीतांचे प्रकल्प, शाळा-संस्थांची गीतं, माहितीपट, जाहिराती, नाटक. आकाशवाणीची छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे केंद्रं आहेत. श्रवणचाचणी उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी श्रेणी पैशाने मोठी नसली तरी अनुभवाचा दाखला म्हणून चालते. एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असेल तर महाविद्यालयात शिकवण्याची वाट उघडी राहते. पालकांनी एम.ए.साठी आग्रह धरला तर तो मोडू नका, त्यात तथ्य आहे.

मिळालेल्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कितीतरी तरुण हे पैसे तसेच सोडून देतात.

संतांच्या अभंगाला चाल लावली तर परवानगी लागते का?

अभंगाच्या शब्दांना नाही. पण लोकप्रिय अभंगाची प्रचलित चाल बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि तिचे हक्क जिवंत असू शकतात. ‘पारंपरिक’ समजून ती वापरली की यूट्यूबवर दावा येतो. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट वेगळा असतो. मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. कवी १९६५ साली वारले असतील तर त्यांचे शब्द १ जानेवारी २०२६ पासून मोकळे झाले. कवी हयात असतील तर दोन ओळींची का होईना, लेखी परवानगी घ्या. फोनवरच्या ‘हो’ला अर्थ नाही.

चाल नोंदवावी लागते का, आणि करारात काय बघायचं?

रचना निर्माण झाली की कॉपीराइट आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. संगीतरचनेसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. तेही जमत नसेल तर लेखनाची तारखेसह पीडीएफ स्वतःला ईमेल करून ठेवा आणि मूळ प्रकल्प पुसू नका.

करारात ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द आले की थांबा. हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत आहे. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे वाटपात तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

बाकी करारात एवढं लेखी हवं: रक्कम, किती हप्त्यांत आणि कधी, किती वेळा बदल करून द्यायचे, वादकांचे आणि स्टुडिओचे पैसे कोणी द्यायचे, नाव कुठे झळकणार. बदलांची संख्या बहुतेक जण लिहीत नाहीत. दोन फेऱ्या मानधनात, तिसऱ्या फेरीपासून जादा आकार, असं आधीच ठरवा आणि अर्धी रक्कम हातात पडल्याशिवाय स्टुडिओची तारीख घेऊ नका.